विशेष तुकडीतल्या मुलीचं पोट का दुखतं

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पाचवीत. चौथीपर्यंत वर्गात पहिली. जूनमध्ये शाळेनं चाचणी घेऊन चाळीस मुलांची 'विशेष तुकडी' केली आणि त्यात तिची निवड झाली. शिष्यवृत्ती परीक्षा आणि नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा, दोन्हींची तयारी. सकाळी सातला जादा तास, मग शाळा, संध्याकाळी क्लास. दर शनिवारी सराव पेपर, सोमवारी फळ्यावर क्रमांक. आता ती बाविसावी-तेविसावी येते. दोन महिने सकाळी पोट दुखतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीपर्यंत सगळं केलं, काही निघालं नाही. गेल्या आठवड्यात गादीखाली तीन पेपर सापडले, त्यांवर बाबांची सही तिनंच केलेली. बाबांना हे अजून माहीत नाही. ते म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत कळ काढू दे. तिला तुकडीतून काढू का?

ताई, आधी त्या सहीबद्दल बोलते. मुलगी लबाड झालेली नाही, एवढं मनाशी पक्कं धरा. दहा वर्षांची मुलगी बाबांची सही गिरवून गिरवून जमवते, तेव्हा तिला कमी गुणांपेक्षा ते गुण बघितल्यावर घरातले चेहरे कसे होतील याची धास्ती जास्त असते. तिनं पेपर फाडून टाकले नाहीत. गादीखाली ठेवले. तुम्ही रोज झटकता त्याच गादीखाली.

मी चोवीस वर्षं शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, बहुतेक मराठी माध्यमाच्या, तालुक्याच्या गावांतल्या शाळांतही. मागे पडलेली मुलं बाई-सर स्वतःहून माझ्याकडे पाठवतात. हुशार मुलाला कुणी पाठवत नाही. ते येतं पोटदुखीच्या, डोकेदुखीच्या, नखं कुरतडण्याच्या वाटेनं, आणि उशिरा येतं. गुण बरे असतात तोवर मूलही बरं आहे असंच सगळे धरून चालतात.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्याच मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं, 'तू हुशार आहेस'. काहींना सांगितलं, 'तू मेहनत घेतलीस'. फरक एका वाक्याचा. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि सगळ्यांचे गुण घसरले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा 'हुशार' म्हटलेली मुलं पहिल्या वेळेपेक्षाही खाली गेली. शेवटी मुलांना आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलासाठी कागदावर लिहायला सांगितले, तर 'हुशार' म्हटलेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. ज्याला ती कधी भेटणारही नव्हती, त्याच्यासमोर. पुढे या विषयावर बरीच चर्चा झाली, मुलांची मानसिकता बदलण्याचे जे कार्यक्रम निघाले त्यांचे परिणाम बेताचेच दिसले, हे खरं. पण हा गुण वाढवून लिहिण्याचा भाग मी माझ्या खोलीत इतक्यांदा पाहिलाय की मला तो पुन्हा कुणी सिद्ध करून दाखवायची गरज वाटत नाही. तुमच्या मुलीला पहिलीपासून चौथीपर्यंत किती जणांनी, किती वेळा 'हुशार' म्हटलं असेल? आजी, मामा, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई. सगळ्यांनी प्रेमानंच म्हटलं. आता तो शब्द तिला सांभाळावा लागतोय, आणि दर सोमवारी फळा सांगतो की तो तिच्या हातून निसटतोय.

अभ्यासाच्या ओझ्याबद्दल सगळे बोलतात. मला ते ओझं दुय्यम वाटतं. निवडलेल्या मुलाकडून जी गोष्ट सगळ्यात आधी काढून घेतली जाते ती म्हणजे अडण्याची मुभा.

सहावीतला एक मुलगा आठवतो. गणितात वर्गाच्या कितीतरी पुढे. त्याच्या वह्या घेऊन आई आली होती. पानं खोडरबरानं इतकी घासलेली की दोन-तीन ठिकाणी भोकं पडलेली. उत्तर बरोबर असलं तरी अक्षर मनासारखं नाही म्हणून खोडलेलं. मी त्याला ठोकळ्यांच्या नक्ष्या दिल्या. चित्र बघायचं आणि लाल-पांढरे ठोकळे तसेच लावायचे. पहिल्या पाच त्यानं बघता बघता लावल्या. सहावी जरा फसवी होती. त्यानं तीन ठोकळे ठेवले, थांबला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. मग म्हणाला, "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" पाणी पिऊन आला आणि म्हणाला, "हे मला आवडत नाही." त्याला येत नव्हतं असं नाही. आणखी दोन मिनिटं झटापट केली असती तर जमलं असतं. पण ती झटापट कुणाच्या नजरेसमोर करायची हे त्याला सोसत नव्हतं. आजवर झटापट करायची वेळच आली नव्हती. त्याला वाटायचं, हुशार असणं म्हणजे पहिल्या फटक्यात येणं, आणि जे अडतं ते आपलं नव्हेच.

मग ती नक्षी मी लावायला घेतली, खरोखर चुकत. तो बघत राहिला. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा त्याचा एक हात मांडीखालून बाहेर आला. "तो लाल उलटा आहे," तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही तेवढंच केलं.

आता तेविसाव्या क्रमांकाबद्दल. ऑस्ट्रेलियाचे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून अनेक देशांतल्या मुलांवर यावर काम केलंय. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली आणि एक साध्या वर्गात, दुसरं निवडक वर्गात बसवलं, तर निवडक वर्गातलं मूल स्वतःला कमी लेखायला लागतं. ते 'छोट्या तळ्यातला मोठा मासा' म्हणतात ते हेच. मूल स्वतःला जगाशी ताडून बघत नाही, शेजारच्या बाकाशी ताडून बघतं. तुमच्या मुलीचं डोकं मे महिन्यात होतं तेवढंच आजही आहे, कदाचित थोडं जास्तच. बदललाय तो शेजारचा बाक. हे तिला कुणी सांगितलंय का? निवड झाली त्या दिवशी पेढे वाटले असतील, पण 'आता इथे सगळेच पहिले येणारे आहेत, तेव्हा तुझा क्रमांक खाली जाईल आणि ते ठरलेलंच आहे' हे जूनमध्येच सांगायचं असतं. चाळीस पहिले एका खोलीत बसवले की त्यांतले एकोणचाळीस दुसरे-तिसरे होणारच. मोठ्यांना हे हिशेबानं कळतं. मुलाला वाटतं, आपल्याला काहीतरी झालं.

आणि या परीक्षा नेमकं काय मोजतात? पाचवीच्या शिष्यवृत्तीत दोन पेपर, प्रत्येकात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच वाचणं, कच्चं काम आणि गोल काळा करणं. नवोदयला ८० प्रश्न, दोन तास. प्रश्नामागे दीड मिनिट. पुष्कळ खोल विचार करणारी मुलं सावकाश असतात. मी बुद्धिमापन करते तेव्हा हे वारंवार दिसतं: तर्काचा भाग खूप वर आणि वेगाचा भाग मध्यम. अशा मुलाला सराव पेपरात 'येतं पण पुरं होत नाही' असं होतं. त्यात उत्तरपत्रिकेवर पेनानं गोल काळा करायचा, खोडता येत नाही. ज्या मुलाला चुकायची भीती आहे त्याचा हात त्या गोलावर नुसता घुटमळतो. गादीखालचे ते तीन पेपर पुन्हा नीट बघा. शेवटचे पंधरा-वीस प्रश्न कोरे असतील तर अडचण वेगाची आहे, समजेची नाही. मधलेच काही प्रश्न कोरे सोडून पुढचे सोडवलेले असतील तर ती चुकण्याला भिते आहे. आणि चुका सरसकट असतील तर ती दमलेली आहे.

मला दमल्याचीच शक्यता जास्त वाटते. सातच्या तासाला पोचायचं म्हणजे साडेपाचला उठणं आलं. संध्याकाळचा क्लास, जेवण, गृहपाठ धरता अकराच्या आत पाठ टेकत नसणार. झोप साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, हे झोपेच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं प्रमाण आहे. म्हणजे तिची रोज कमीत कमी अडीच तास झोप बुडते. शाळेच्या सहा दिवसांत मिळून पंधरा तास. पाठ केलेलं झोपेतच पक्कं होतं. झोप कापून जास्तीचे दोन सराव संच सोडवणं म्हणजे गळक्या बादलीत आणखी दोन तांबे ओतणं.

पोटदुखी खरी आहे. 'नाटकं करते' असं घरात कुणीही म्हणू नये, अगदी थट्टेतही. आपण सहज म्हणतो 'पोटात गोळा आला', तो गोळा मुलांना अक्षरशः येतो. मेंदू आणि आतडं एकमेकांशी बांधलेले आहेत. शनिवारी आणि सोमवारी जास्त दुखतं का? रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत दुखलं का? दोन आठवडे कॅलेंडरवर नुसती खूण करा, तिला काही न विचारता. रात्री झोपेतून उठवणारी दुखी, वजन उतरणं, शौचात रक्त, सारखी उलटी किंवा ताप यातलं काही असेल तर पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा. नसेल तर आणखी तपासण्या करू नका. प्रत्येक नवी तपासणी तिला सांगते की आपल्या शरीरात काहीतरी बिघडलंय.

तिचे बाबा म्हणतात, कळ काढू दे. त्यांना मी चूक म्हणणार नाही. त्यांनी बहुधा स्वतः कळ काढूनच इथवर मजल मारली असेल, आणि मुलीला कमी कष्टात पुढे जाता यावं हीच त्यांची धडपड आहे. पण त्यांना एवढं सांगा. सुनिया लुथर नावाच्या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. दिल्लीत शिकल्या आणि पुढे अमेरिकेत संशोधन केलं. सुरुवात गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या अभ्यासापासून केली. तुलनेसाठी खात्यापित्या घरातली, नावाजलेल्या शाळांतली मुलं घेतली, आणि त्यांनाच दिसलं की नैराश्य, चिंता, व्यसनं यांत ही दुसरी मुलं कुठेच कमी नाहीत, काही बाबतींत जास्तच आहेत. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालानं किशोरांच्या मनाला धोका देणाऱ्या परिस्थितींची यादी केली. त्यात गरिबी, आघात आणि भेदभावाच्या जोडीला अव्वल येण्याचा अतोनात दबाव हेही कारण होतं. कष्टानं मूल मोडत नाही. आपली किंमत निकालावर ठरते असं वाटायला लागलं की मोडतं. कळ काढणं आणि घाबरून कागद लपवणं यांत फरक आहे, आणि तुमची मुलगी सध्या दुसरं करते आहे.

सहीचं त्यांना सांगाल ते मुलगी घरात नसताना. आधी ही पोटदुखी आणि सही एकाच धाग्याच्या आहेत हे सांगा, मग पेपर दाखवा. त्यांना चिडायचं असेल तर तुमच्यापाशी चिडू दे. तिच्याशी बोलताना मात्र बाबांनीच बोलावं, तुम्ही नाही, कारण सही त्यांची होती. फार बोलायची गरज नाही. "पेपर सापडले. माझी सही छान जमलीये. मला दाखवायची एवढी भीती वाटली, त्यात माझंही चुकलं." यात 'पण' जोडू नका. 'पण असं पुन्हा करायचं नाही' हे दुसऱ्या दिवशी सांगता येईल. त्या संध्याकाळी नाही.

आता काढायचं की नाही. माझं मत: आज काढू नका. पण बाहेर पडायचं दार उघडं आहे हे तिला आजच सांगा. अचानक काढलं तर तिला ते नापास होण्यासारखं वाटेल, आणि तुकडीत तिच्या मैत्रिणी झाल्या असतील, एखादे सर आवडत असतील. त्याआधी ओझं कमी करून बघू.

दोनपैकी एक परीक्षा सोडा. स्वतःला अगदी खरंखरं विचारा: नवोदयला निवड झाली तर अकराव्या वर्षी तिला वसतिगृहात ठेवायची तुमची तयारी आहे का? १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघालेली ही निवासी विद्यालयं आहेत. सहावीला एका विद्यालयात ८० जागा, बहुतांश ग्रामीण मुलांसाठी. ज्या घरात चांगल्या शाळेचा दुसरा रस्ता नाही तिथे हे फार मोठं दार आहे. त्यातून गेलेली आणि आयुष्य उभं राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. पण पाठवायचंच नसेल तर 'बघू निवड होते का' म्हणून बसवू नका. केवळ निवड होते का हे बघण्यासाठी दहा वर्षांच्या मुलीचं अर्धं वर्ष घालवणं मला पटत नाही.

संध्याकाळचा क्लास बंद करा. तोच अभ्यास सकाळी शाळेत होतोय, मग तोच घोट पुन्हा कशाला? तो वेळ रिकामा ठेवा. तिथे लगेच चित्रकला किंवा अबॅकस भरू नका. साडेआठला दिवा बंद. गृहपाठ उरला तर वहीत तुम्ही लिहून द्या, 'झोपेची वेळ झाली म्हणून थांबवलं'. हे लिहायला आयांना धीर होत नाही, मला माहीत आहे. पण माझ्या अनुभवात बहुतेक बाई ते समजून घेतात.

मग वर्गशिक्षिकेला भेटा, आणि पालक सभेत नको, एकट्या असताना. त्यांच्यावरही दबाव आहे हे लक्षात ठेवा. निकालानंतर शाळेच्या फाटकावर मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो, त्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरतात, आणि किती मुलं यादीत आली याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा: क्रमांक फळ्यावर लिहू नयेत. मुलाला त्याचा पेपर हातात द्यावा, मागच्या शनिवारपेक्षा काय सुधारलं ते सांगावं. ही मागणी जगावेगळी नाही. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत शिक्षण संस्थांनी, विशेषतः शिकवणी केंद्रांनी, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादू नयेत असं म्हटलंय. हा कागद बाईंच्या तोंडावर मारू नका. मुख्याध्यापकांशी बोलायची वेळ आली तर जवळ असू द्या.

हुशार मुलांना वेगळं शिकवूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. वर्गात सगळं आधीच येत असलेलं मूल कंटाळून सुकतं, तेही मी पाहिलंय. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांना वेगळं खाद्य हवं, आणि त्या बुद्धीचं पुढे समाजासाठी काहीतरी व्हावं, या विचारातूनच. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. मुलं ओढ्याचं पाणी तपासतात, चुकतात, पुन्हा मोजतात. खाद्य म्हणजे असं काहीतरी. तुमच्या शाळेच्या तुकडीत मुलांना चौथीत न मिळालेलं काय मिळतंय, हे बाईंना विचारा. नुसते जास्त सराव संच मिळत असतील तर ती तुकडी हुशार मुलांसाठी केलेली नाही, निकालासाठी केलेली आहे.

सहा आठवडे असे जाऊ द्या. झोप नऊ तासांवर आली, पोटदुखीच्या खुणा निम्म्यावर आल्या, ती पुन्हा उगाचच काहीतरी गुणगुणायला लागली, तर राहू द्या, क्रमांक कुठलाही असो. खुणा तशाच राहिल्या, किंवा शाळा क्रमांक लावतच राहिली आणि ती सोमवारी थरथरत उठत राहिली, तर फेब्रुवारीची वाट बघू नका. नेहमीच्या वर्गात परत घाला. त्यासाठी कारण म्हणून तिचं नाव पुढे करू नका. "आम्ही ठरवलं, आम्हाला हे वेळापत्रक पटलं नाही" असं नातेवाइकांना सांगा, तिच्या देखत.

एक गोष्ट मात्र सहा आठवडे थांबायची नाही. ती 'मी नसतेच तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलली, स्वतःला ओरखडे-चिमटे काढताना दिसली, जेवण तुटलं किंवा मैत्रिणींशी बोलणंच बंद झालं, तर त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा. रात्रीअपरात्री कुणी सुचलं नाही तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दहा वर्षांची मुलं असं काही बोलत नाहीत असं समजू नका.

आज रात्रीपुरतं एक करा. ते पेपर बघून झाले की परत गादीखाली तसेच ठेवा, बाबांचं बोलणं होईपर्यंत. आणि जेवणं झाल्यावर तिच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकातली एखादी अवघड आकृती तुम्ही स्वतः सोडवायला घ्या, तिच्या शेजारी बसून, पेनानं. अडाल. तोंडानं मोठ्यानं विचार करा, चुकीच्या गोलावर खूण करा, काट मारा, पुन्हा बघा. तिला मदत करायला सांगू नका. ती बहुधा दुसरीकडेच बघत बसेल. उद्या पुन्हा बसा.